सरदार मोरपिसे आणि गाळाचे आकडे

कामांची यादी केल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. ऑफिसात यावरून हसतात, घरात वैतागतात, पण लग्नकार्य निघालं की सगळे माझ्याकडेच येतात. ही सवय मला शाळेत कुणी लावली नाही. ती लागली डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत, दादाच्या कॉटशेजारी चटईवर बसून राक्षसांशी लढताना. हे वाक्य वाचून माझ्या नवऱ्याने आत्ताच चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तर क्रमाने सांगते.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. तळमजल्यावर पिठाची गिरणी होती आणि तिचा पट्टा फिरू लागला की आमच्या मांडणीतली भांडी अंगात आल्यासारखी थरथरायची. रविवारी गिरणी दुपारपर्यंतच चाले. ती थांबली की आईला चुकल्यासारखं होई. पोळ्या लाटता लाटता ती म्हणायची, आता घर मुकं झालं. आतल्या खोलीत स्वयंपाक, देव आणि आई. बाहेरच्या खोलीत बाकीचे आम्ही सगळे. खिडकीला लागून दादाची कॉट. दादा तिथे फक्त झोपायला येत असे. एरवी त्याचा मुक्काम मैदानावर.

शेखरदादा कबड्डी खेळायचा, डाव्या कोपऱ्यात. चढाई करणारा आत आला की हा खाली वाकून त्याचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही. बस्स, एवढंच. मांडीवर थाप नाही, मिशीला पीळ नाही, प्रेक्षकांकडे नजर नाही. या मुलांना शिकवणारे एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. कुणी उगाच उडी मारून पकड केली की सर म्हणायचे, "शोभेला गुण नाहीत." हे वाक्य दादाइतकं कुणी मनावर घेतलं नसेल. मामाने परदेशातून आणलेला किरमिजी शर्टसुद्धा त्याने कधी अंगाला लावला नाही, घडीतच ठेवला. रेल्वेच्या संघात घेऊन नोकरी देतात, तिच्या चाचणीचं बोलावणं त्याला आलं होतं आणि त्या भरवशावर घरात पुढचं बरंच काही ठरूनही गेलं होतं. चाचणी व्हायच्या आधीच, सरावातल्या एका साध्या पकडीत, त्याचा गुडघा आतून फाटला. डॉक्टरांनी सांगितलं, चालशील, जिनेही चढशील, पण मैदान विसर.

प्लास्टर निघालं, हातात काठी आली, तरी दादा गॅलरीपलीकडे जाईना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आईने डिंकाचे लाडू केले, नाचणीची पेज केली, मटणवाल्याकडून नळीची हाडं आणून त्यांचा रस्सा केला. तो सगळं निमूटपणे खायचा आणि पुन्हा भिंतीकडे वळायचा. संध्याकाळी जरा खाली चक्कर मारून ये म्हटलं, तर म्हणायचा, लोक आधी गुडघ्याकडे बघतात, मग तोंडाकडे. बाबा ठाण्याहून कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी नजरेनेच आईला विचारायचे आणि आई मान हलवायची. एकदा देवापुढे तिचं पुटपुटणं माझ्या कानावर आलं. ती म्हणत होती, पाय राहू दे तसा, पण त्याला बोलता कर.

अशा दिवसांत मामा बोटीवरून सुट्टीवर आला आणि दादाला बरं वाटावं म्हणून एक खोका ठेवून गेला. कुठल्याशा बंदरात जुन्या सामानाच्या बाजारात त्याला तो मिळाला होता. वर तलवारवाल्या माणसाचं चित्र, आत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. पट नाही, सोंगट्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावरचा नितीन कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकत होता. त्याने आठवडाभर पुस्तक वाचलं आणि जाहीर केलं की हा खेळ बोलायचा आहे. एकजण सूत्रधार. तो सांगणार, समोर जंगल आहे, जंगलात वाट आहे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र काय करतं ते सांगायचं. ते जमलं की फसलं हे ठरवायला एक ते वीस आकड्यांचा फासा हवा. तो मात्र खोक्यात नव्हता.

बाबांकडे इमारतीच्या हौझीची, म्हणजे तंबोल्याची, पिशवी असायची. गणपतीत आणि कोजागिरीला ती बाहेर निघे. आतल्या लाकडी चकत्यांपैकी एक ते वीस आम्ही वेगळ्या काढल्या आणि कापडी पिशवीत घातल्या. बाबांनी एकच अट घातली, आकडे हरवायचे नाहीत. आता गंमत अशी, की हौझीत निघालेली चकती पिशवीत परत जात नाही. ती बाहेर मांडून ठेवतात. आम्हीही तेच केलं. काढलेला आकडा बाहेर, पिशवी रिकामी झाली की सगळे पुन्हा आत. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण वीस आकड्यांचा फासा आम्ही पाहिलाच नव्हता.

माझा मुलगा आता घोडबंदर रोडच्या आमच्या घरी शनिवारी मित्र जमवून असलेच खेळ खेळतो. त्यांच्याकडे काचेसारखे चमकणारे वीस बाजूंचे फासे आहेत. मी त्याला पिशवीची गोष्ट सांगितली तर तो हसता हसता खुर्चीवरून घसरला. म्हणाला, "आई, पण मग पिशवीत काय उरलंय ते तुम्हाला कळत असेल." मी म्हटलं, कळत असेल काय, मी लिहूनच ठेवायचे. वहीच्या मागच्या पानावर एक ते वीस, आणि निघालेल्यावर काट. यादी आवडायला लागली ती तिथून.

पात्र बनवताना प्रत्येकाला सारखेच गुण मिळायचे आणि ते पाच रकान्यांत वाटायचे. बळ, चपळाई, दम, अक्कल, आणि पाचव्या इंग्रजी शब्दावर नितीन अडला. शब्दकोशात बघून म्हणाला, आकर्षक व्यक्तिमत्त्व. त्यावर हरी म्हणाला, "म्हंजे रुबाब." तोच शब्द पडला. हरी दादाच्या संघात चढाई करायचा, राहायला डोंबिवलीजवळच्या भोपर गावात. त्याची आई दर रविवारी त्याच्याबरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि कांदा घालून परतलेला सुका जवळा पाठवायची. त्याने आपल्या पात्राला वेगळं नाव द्यायला साफ नकार दिला. पात्राचं नाव हरी, हत्यार कोयता, आणि सगळे गुण बळ आणि चपळाईत. माझी बायजा. लोखंडी टोप, जाड ढाल, आखूड तलवार, बोलायचं काम नाही. बळ आणि दम भरपूर, रुबाब शून्य. मला ती फार आवडायची, अजूनही आवडते.

तिसरं पात्र दादाचं. तो भिंतीकडे तोंड करूनच होता. नितीनने दोनदा विचारलं, तेव्हा तिकडूनच आवाज आला, "सगळं रुबाबात टाक." तो कुचकेपणाने म्हणाला होता हे आम्हा सगळ्यांना कळलं. पण नितीन मुकाट्याने लिहायला लागला. जरा वेळाने भिंतीकडून पुन्हा आवाज आला, "पगडीला तुरा घाल." कसला, नितीनने विचारलं. "मोरपिसांचा." मग जरीची शाल आली, मग भाला आला, आणि मग भाल्याला घुंगरं. इथे मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दादा, घुंगरं वाजतील. पहारेकरी जागे होतील."

"होऊ देत की. सरदार आल्याचं कळायला नको?"

तो माझ्याकडे वळून बोलला होता. मी नितीनला म्हटलं, लिही घुंगरं.

असे सरदार मोरपिसे आमच्यात आले आणि आमच्या तुकडीचं नुकसान करायला लागले. चोरपावलांनी जायचं असेल तिथे घुंगरं वाजत. ढाल घ्या म्हटलं तर शालीवर ढाल शोभत नाही. दरोडेखोर समोर आले की हरी कोयता उचलायचा, मी ढाल पुढे करायचे आणि सरदार आधी आपलं नाव, गाव आणि भाल्याचा इतिहास सांगायचे. बळ नसल्याने त्यांचा भाला लागायचाच नाही. मी हिशोबाने समजावलं, की रुबाबातले थोडे गुण काढून दमात टाकले तर सरदार एक घाव जास्त झेलतील. नितीनही म्हणाला, मधला मार्ग काढ, थोडा रुबाब, थोडं बळ. दादा दोघांचंही ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "आयुष्यभर बळातच टाकले रे. आता जरा वेगळं." मग तुऱ्यात आणखी एक पीस. हरी कपाळाला हात लावायचा. "येवरा दागिना क्याला रं? लगीन हाय का तुजं?"

पण रविवारी दुपारी गिरणी थांबली की दादा उठून भिंतीला टेकून बसायला लागला होता. आई बाहेर यायची नाही, पण भांडी आता कमी वाजवायची.

सूत्रधार नितीनने एका रविवारी आम्हाला एका किल्ल्याच्या पुलावर आणून उभं केलं. पुलावर राक्षस. हातात उंबराच्या खोडाची गदा. त्याच्या मागे दरवाजा, ज्याच्यासाठी आम्ही पावसाळाभर चालत होतो. मी वही पाहिली. पिशवीत दोनच चकत्या उरल्या होत्या, तीन आणि एक. मोठे आकडे सगळे आधीच्या लढाईत संपले होते. पिशवीच्या तळाशी राहिलेल्या असल्या बारक्या आकड्यांना आम्ही गाळ म्हणायचो. गाळ कुणीतरी उपसल्याशिवाय पिशवी पुन्हा भरता येत नव्हती. आणि गाळाचा आकडा घेऊन राक्षसासमोर जाईल त्याच्या डोक्यात गदा, हे ठरलेलं.

मी हे सगळ्यांना सांगितलं. मग हरी बोलला. कबड्डीत बोलतात तितकंच सरळ बोलला, त्यात वाईट हेतू नव्हता. "शेखर, तू रिकामी चरई मार. तुजा भाला लागत तं नायच. गालाच्या दोनी चकत्या तूच काढ. मंग भरली पिशवी मी आनि बायजा बघू."

रिकामी चढाई म्हणजे गुण आणायचे नाहीत, नुसतं जाऊन परत यायचं. वेळ काढायला एखाद्या थकलेल्याला, नाहीतर कच्च्याला पाठवतात. दादाला आयुष्यात कुणी रिकामं पाठवलेलं नव्हतं. त्याचं तोंड उतरलं. त्याने पाय उचलून कॉटवर घेतला. मला वाटलं, आता हा वळणार, आणि पुन्हा काही तो इकडे वळत नाही. हरीच्याही ते लक्षात आलं असावं. तो चटईचा काठ उसवत बसला. आत आईने नळ बंद केला.

दादा वळला नाही. बराच वेळ त्याने दुखरा गुडघा चोळला आणि मग नितीनला विचारलं, "राक्षसाला मराठी कळतं का?"

नितीनने पुस्तकाची पानं उलटली. पुस्तकात याबद्दल काही असणं शक्यच नव्हतं. तो म्हणाला, कळतं असं धरू.

"मग सरदार भाला मारत नाहीत. सरदार त्याला आमचा संघ सांगतात. ऐकून घेतलं तर रुबाब धर. नाही ऐकलं तर गदा आहेच."

नितीनने मान्य केलं. आकड्यात रुबाब मिळवायचा, बेरीज पुरेशी झाली तर राक्षस ऐकत उभा राहील. फक्त एक आला तर रुबाबही कामाचा नाही, कारण पुस्तकात एक म्हणजे फसलंच. दादाने पिशवीत हात घातला. तीन. दुसऱ्या कोणाच्याही हातात तीनचा काही उपयोग नव्हता, पण दादाचा रुबाब एवढा साठला होता की तिनातही बेरीज पुरी झाली.

मग तो बोलायला लागला. सरदारांचा आवाज काढून, आधी हळू, मग खोली भरून. "राक्षसमहाराज, गदा जरा खाली ठेवा, हात भरून येईल. आपल्या पुलावर आज कोण आलंय याची कल्पना आहे का? उजवीकडे बघा. भोपर गावचा हरी. हा निघाला की वारा बाजूला होतो. याला धरायला गेलेले अजून आपले हात शोधतायत. आणि डावीकडे बायजा. ही बोलत नाही, कारण हिला बोलायची कधी गरजच पडली नाही..." तो कुठल्याच आकड्याकडे, कुणाकडे बघत नव्हता. त्याने राक्षसाची गदा सांगितली, पूल सांगितला, खालचं पाणी सांगितलं, पाण्यात पडलेली मोरपिसांची सावली सांगितली. गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला आलेल्या शेजारच्या काळेकाकू दारातच थबकल्या, हातात अर्धवट घडी केलेला टॉवेल. त्यांच्यामागे आणखी कुणी कुणी. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आली होती, कोपरापर्यंत पीठ लागलेलं. खेळ सुरू व्हायच्या आधी ज्या घरात 'हो' आणि 'नको' याखेरीज त्याचा शब्द क्वचितच ऐकू यायचा, तिथे तो न थांबता बोलत होता, आणि तेवढ्यात हरी नि बायजा राक्षसाच्या पाठीमागे जाऊन पोचले.

पिशवीत आता एकच चकती. ती कुठली हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, दादा, नको काढूस, मी काढते, बायजाला ढाल आहे. तो म्हणाला, "तू मागे आहेस ना? मग मागेच थांब." आणि त्याने ती काढून सगळ्यांना दाखवली. गदा कशी आली हेही त्याने नितीनला सांगू दिलं नाही. स्वतःच सांगितलं. सरदार कसे वळले, शाल कशी उडाली, घुंगरं एकदाच कशी वाजली, आणि सरदार पडले तरी तुरा कसा ताठ उभा राहिला. हरीने भरल्या पिशवीतून चकती काढली तेव्हा त्याचे डोळे ओले होते. चौदा निघाले. राक्षस पाण्यात पडला. काळेकाकूंनी टॉवेलनेच टाळी वाजवली आणि विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता असतं रे हे?"

नितीन दादाला नवं पात्र द्यायला निघाला. मी तर वहीत एक दणकट गडी आखूनही ठेवला होता, दम भरपूर, थोडा रुबाबसुद्धा. दादा नको म्हणाला. "तुम्ही लढा. मी सांगतो." त्यानंतर राक्षस, पहारेकरी, घोडे, वादळ, सगळ्यांचे आवाज त्याचे झाले आणि नितीन फक्त पुस्तक सांभाळायला लागला.

हे हरीने गावात जाऊन सांगितलं. भोपरला कबड्डीचे सामने भरायचे होते, आणि माईकवर बोलणारा जो होता तो हजेरी घेतल्यासारखी नावं वाचायचा. हरी निरोप घेऊन आला. दादाने ऐकताक्षणीच नकार दिला. मैदानावर, सगळ्यांसमोर, काठी घेऊन? सरसुद्धा असतील. लोक गुडघ्याकडे बघतील.

"बघू दे," हरी म्हणाला. "माईकला तंगरी लागत नाय."

दोन दिवस दादा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, पहिल्या सामन्यातल्या दोन संघांत कोण कोण आहे? मी हरीला बसवून यादी केली. नाव, जागा, कशात तरबेज, कुठल्या गावचा. आणि सामन्याच्या दुपारी दादाने कपाटातून तो किरमिजी शर्ट काढून माझ्या हातात दिला. इस्त्री कर म्हणाला नाही, नुसता दिला. मी इस्त्री केली. तो काठी टेकत जिना उतरला तेव्हा बाबा त्याच्या पुढे दोन पायऱ्या चालत होते, मागे वळून न बघता, पण दोन्ही हात जरा मागे धरून.

भोपरच्या शेतात मैदान आखलं होतं. गुणलेखकाच्या टेबलाशी सर बसले होते, त्यांच्या शेजारी माईक. दादा सरांकडे न बघता खुर्चीत बसला. गुडघा वाकत नव्हता म्हणून पाय पुढे लांब, तोही सगळ्यांच्या नजरेसमोर. सुरुवातीला त्याने माझी यादी वाचली, जशीच्या तशी, सपाट आवाजात. गर्दीतून कुणीतरी विचारलं, अरे हा शेखर ना, पाय कसा आहे रे, आणि दादाचा आवाज आणखी खाली गेला. सरांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मला वाटलं, ही यादी मी उगाच दिली.

सामना संपत आला होता. हरीचा संघ पुढे होता, म्हणून त्याला सांगितलं गेलं तेच, जे अशा वेळी सांगतात. जा, समोरच्या अंगणात आखलेली निदान रेषा ओलांड, परत ये. रिकामी चढाई. लोक उठायला लागले, कुणी चपला शोधत होते. हरी मध्यरेषेवर आला, आणि आत शिरायच्या आधी त्याने टेबलाकडे बघून डोक्यावरचा, नसलेला, तुरा सारखा केला.

दादाने यादी उलटी करून ठेवली. "मंडळी, बसा," तो म्हणाला, आणि तो आवाज मी ओळखला. "घाई करू नका. भोपर गावचा हरी निघालाय. गुण आणायला नाही. गुण तुमच्याकडेच राहू देत. तो फक्त बघून यायला निघालाय की समोरच्या अंगणात कोण कोण जागं आहे..." चपला शोधणारे खाली बसले. हरी निदान रेषेपलीकडे पाऊल टेकवून एक गिरकी घेऊन परतला, हातात काही नाही, आणि मैदानभर शिट्ट्या वाजल्या. असली चढाई वाखाणलेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

पंचांनी हात वर केला नाही, गुण नव्हताच. दादा पुढचं बोलत होता, किरमिजी शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. सर मैदानाकडेच बघत होते. बघता बघता ते उठले, आपल्या बसण्याचं स्टूल उचललं, दादाच्या लांब केलेल्या पायाखाली सरकवलं, आणि उरलेला सामना त्यांनी उभ्यानेच पाहिला.